सासूसाहेबांच्या मोटारीस नवे कुलूप बसविल्याची हकीकत

आधी वंदन वडीलधाऱ्यांस, मग वाचणाऱ्यांस, आणि मग ज्या दोघा जावयांच्या तोंडून ही हकीकत ऐकिली त्यांस. पूर्वी राज्ये उभी राहिली आणि बुडाली, त्यांचा मजकूर थोर थोर लेखकांनी लिहून ठेविला. परंतु एक मोटार बंद पडली आणि फिरून चालू जाहली, याची दखल कोणी घेतली नाही, सबब हा उद्योग. लेखणी दुबळी, दरबारी शब्द कानांवरून गेलेले आणि अर्थ अदमासाने लाविलेले. कोठे चुकले तर सुज्ञांनी सांभाळून घ्यावे, आणि न घेतले तरी तक्रार नाही.

तर वर्तमान ऐसे की, मातोश्री सासूसाहेब म्हणून एक थोर बाई आपल्या बैठ्या घरी एकट्या राहून कारभार करीत होत्या. पोटी दोन कन्या, दोघीही त्याच शहरी संसारास लागलेल्या. यजमान निवर्तले तेव्हा सासूसाहेबांनी पन्नाशी उलटल्यावर मोटार चालविण्याची विद्या हस्तगत केली, आणि तेव्हापासून यजमानांची करड्या रंगाची लहान मोटार हेच त्यांचे तख्त, हाच घोडा आणि हीच अंबारी. तीत बसून त्या मंडईस जात, आणि वाचनालयास जात, आणि गुडघे धरलेल्या मैत्रिणीस दवाखान्यात पोहोचवीत, आणि वाटेत वाटले तर उगाच एक वळण लांबून घेत. "मी सोडतो ना तुम्हाला" या शब्दाच्या उपकाराखाली त्या कोणाच्याच राहिल्या नाहीत.

मग काय जाहले की, मोटारीचे किल्लीचे कुलूप फिरेनासे जाहले. हे कुलूप म्हणजे स्टिअरिंगच्या खाली, उजव्या बगलेस, प्लास्टिकच्या बुरख्याआड दडलेले बोटभर धातूचे नळकांडे. त्यात किल्ली घालून फिरवावी तेव्हा मोटार जागी होते. आधी किल्ली कुरकुरली, मग अडली, मग रुसली, आणि एके दिवशी भर मंडईच्या वाहनतळावर, मागे गाड्यांची रांग भोंगे वाजवीत उभी असता, तिने साफ बंड पुकारिले. सासूसाहेबांनी शर्थ केली. अंगठा लाल जाहला, चष्मा घामाने नाकावरून घसरला, परंतु किल्ली तसूभर हलेना. अखेर थोरल्या कन्येस फोन गेला. त्या कचेरी सोडून रिक्षाने कुमकेस धावल्या, आणि मातोश्रींच्या हाती भाजीच्या पिशव्या देऊन त्यांस सावलीत उभे केले, आणि स्वतः आत बसल्या, आणि किल्ली फिरली.

हेच वाईट जाहले. कोणाच्याच हातून न फिरती तर दोष कुलपाचा ठरता. लेकीच्या हातून फिरली, सबब दोष आईच्या मनगटावर आला.

थोरल्या कन्या स्वभावाने मायाळू, परंतु त्यांची माया हुकमाच्या पोशाखात हिंडत असे. त्यांनी मोटार घरी आणून फाटकात उभी केली, किल्ली आपल्या पर्समध्ये नजरकैदेत ठेविली आणि त्याच सायंकाळी खलबत भरविले.

"आई, तुझ्या हातात आता जोर राहिला नाही. आज किल्ली फिरली नाही, उद्या ब्रेक लागणार नाही. मग काय करायचं आम्ही?"

धाकट्या कन्या फोनवरून म्हणाल्या की ताई म्हणते ते बरोबर आहे, पण जरा हळू म्हण. सासूसाहेब काहीच बोलिल्या नाहीत. ज्या बाईने भाजीवाल्यासही कधी शेवटचा शब्द बोलू दिला नाही, ती गप्प राहिली, हे पाहून थोरले जावई मनी चरकले. पुढील दिवसांत सासूसाहेब लोणच्या-मुरंब्याच्या बरण्यांची झाकणे विनाकारण घट्ट लावीत आणि पुन्हा उघडीत, आणि ओला टॉवेल दोनदा पिळून त्यातून आणखी पाणी निघते का ते पाहात. आपल्याच हाताची अशी चोरून परीक्षा घेण्याची पाळी शत्रूवरही येऊ नये.

मग मोटार विकण्याचा ठराव जाहला. रविवारी सायंकाळी खरेदीदार येऊन मोटार पाहणार, ऐसे ठरले. तेव्हा सासूसाहेबांनी तोंड उघडिले आणि तहाचे एकच कलम मांडिले. खरेदीदार येण्यापूर्वी मोटारीस नवे कुलूप बसवावे. तेही आपल्या हातून न फिरले तर किल्ली आपण स्वहस्ते खरेदीदारास देऊ आणि जन्मात मोटारीचे नाव काढणार नाही. फिरले तर आपल्या मनगटाचा विषय या घरात पुन्हा कोणी काढू नये. थोरल्या कन्येने कबूल केले.

आता कुलूप बसविणार कोण? कारागिरास विचारिले तर तो म्हणाला, गाडी ओढून दुकानी आणा, आणि रविवारी दुकान बंद. तेव्हा दोघे जावई एकाच क्षणी उठून म्हणाले, "आम्ही बसवतो की!" आणि बोलून जाहल्यावर एकमेकांकडे संशयाने पाहू लागले.

या उभयतांची ओळख करून देणे प्राप्त आहे. थोरले जावई शिवणयंत्रांचे दुकानदार, अंगाने स्थूल, बोलणे मोजके, यंत्र म्हटले की कान टवकारणारे. धाकटे जावई शाळेत चित्रकला शिकवीत, अंगाने सडपातळ, बोलणे अघळपघळ, आणि जे येत नाही तेही येईल या भरवशावर जगणारे. धाकटे थोरल्यांस शेठ म्हणत, थोरले धाकट्यांस सर म्हणत. नाते साडूचे. साडू म्हणजे एका दरबारचे दोन मानकरी. त्यांचे भांडण होत नाही, कारण भांडण्याइतकी जवळीक नसते. बोलणे अदबीचे, हसणे बेताचे, आणि नजर मात्र सासूसाहेब कोणाच्या ताटात आधी वाढितात यावर. ही तुलना लेखकास थोडी लागट वाटते, परंतु दुसरी सुचली नाही.

रविवारी दुपारी मोहीम कूच जाहली. सरांनी बाजारातून नवे कुलूप आणिले होते, दोन चकचकीत किल्ल्यांसह. शेठांनी दुकानातून पेचकसांचा सरंजाम आणिला. मोटारीशेजारी जुनी चादर अंथरून तळ दिला. फोन आरशाला टेकवून उभा केला. त्याच्या पडद्यावर कोणी परदेशचा उस्ताद असल्याच एका मोटारीचे कुलूप चुटकीसरशी काढून दाखवीत होता, आणि मधूनच हसत होता. त्याचे हसणे दोघांसही आवडले नाही. थोरल्या कन्येने पर्समधून जुनी किल्ली काढून दिली, तहाचे कलम पुन्हा वाचून दाखविल्यासारखे म्हणून दाखविले, आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. सासूसाहेब पायरीवर विणकाम घेऊन बसल्या. विणकाम मात्र पुढे सरकत नव्हते.

उस्तादाचे पहिले फर्मान ऐसे की, आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी.

शेठ म्हणाले, "ऋण कुठली म्हणायची?"

"काळी," सर म्हणाले. "रंगाचं काम माझ्यावर सोपवा, शेठ."

तार सुटली. मग शेठ स्टिअरिंगखाली आडवे शिरले. पोट बाहेर राहिले, मस्तक आत गेले, आणि त्यांनी बुरख्याचे स्क्रू एकेक करून सोडविले आणि चहाच्या बशीत ठेविले. मग बुरखा दोन्ही हातांनी ओढिला, तो सुटेना, आणखी ओढिला, आणि कडाड् ऐसा आवाज जाहला की दोघांनी डोळे मिटून घेतले.

पायरीवरून विचारणा आली, "काय मोडलं?"

"काही नाही, आई!"

उभय साडूंचा सूर जुळल्याचा हा पहिलाच प्रसंग. बुरखा खरोखर मोडला नव्हता, तो असाच ओरडत निघतो, हे उस्तादाने पुढे सांगितले. आधी सांगता तर दोघांचे रक्त आटते ना.

बुरखा गेला तो गडाचे दर्शन जाहले. परंतु या गडाचा कावा मोठा. कुलूप बाहेर काढावयाचे तर किल्ली पहिल्या खाचेपर्यंत फिरली पाहिजे, आणि तशी धरून ठेवून बाजूच्या छिद्रातील खुंटी सुईने दाबिली पाहिजे, तेव्हा नळकांडे सुटते. किल्ली फिरत नाही म्हणून कुलूप काढावयाचे, आणि कुलूप काढण्यास किल्ली फिरवावयाची! दार उघडत नाही म्हणून सुतार बोलवावा आणि त्याने म्हणावे, आत या, मग बोलू, तशातली गत.

"तुम्ही थोरले. आधी तुम्ही."

"छे, सर, तुम्ही तरुण. हात चपळ."

"तसं कसं? मान तुमचा."

ऐसा मान बराच वेळ इकडून तिकडे फिरला, कारण हरण्याची पाळी आधी आपल्यावर यावी हे कोणासही नको होते. अखेर शेठांनी किल्ली धरिली. फिरेना. सरांनी धरिली. फिरेना. शेठांनी रुमाल गुंडाळून धरिली. सरांनी श्वास रोखून धरिली. किल्ली ढिम्म. पायरीवर विणकाम पूर्ण थांबले होते आणि सासूसाहेब दोघांच्या लाल अंगठ्यांकडे टक लावून पाहात होत्या.

मग उस्तादाचे बोलणे चार वेळा मागे पुढे करून ऐकिले आणि सुलतानढवा ठरला. शेठांनी स्टिअरिंग डावी-उजवीकडे गदगदा हालवावे, आणि सरांनी पेचकसाच्या मुठीने किल्लीच्या डोक्यावर हलके ठोके देत फिरवावे. टक टक टक टक. स्टिअरिंग घुसमटले, किल्ली कण्हली, आणि खट् करून पहिल्या खाचेत आली. दोघांच्या अंगावर मूठभर मांस चढले. सासूसाहेबांनी विणकामातील बारीक सुई उपसून दिली, टाके गळाले त्याची पर्वा केली नाही.

आता शेठ खाली उताणे, हाती सुई. सर वर, हाती किल्ली. परंतु सरांस अदब सुचली आणि ते वाकून म्हणाले, "शेठ, दाबली का? मी थांबलोय हं, सावकाश." वाकण्याबरोबर किल्ली मागे फिरली. पुन्हा ठोके, पुन्हा खाच. सर पुन्हा वाकिले, "शेठ, मान दुखत नाही ना?" किल्ली पुन्हा मागे. तिसऱ्या खेपेस खुंटी सुईखाली आली तोच सरांनी विचारिले, "शेठ, उशी देऊ का?" तेव्हा लग्नापासून पाळलेले अहोजाहो शेठांच्या हातून सुटले आणि स्टिअरिंगखालून गर्जना आली:

"अरे धर की लेका घट्ट! दोन मिनिटं तोंड मिट!"

सरांनी तोंड मिटले, किल्ली धरिली, शेठांनी सुई रोविली, आणि जुने कुलूप बुळकन हाती आले.

"आलं रे!" सर ओरडले. "शेठ, आलं!" आणि दोघे शाळकरी पोरांसारखे हसू लागले.

परंतु फत्तेची नौबत वाजविण्यास जागा राहिली नाही. कारण नळकांड्याच्या तोंडातून काळा, दाट, चकाकता लगदा ओघळत होता. बूटपॉलिशमध्ये काजळ कालवावे तसा. सरांनी बोटावर घेऊन चोळिला, शेठांनी नाकाशी नेऊन हुंगिला, आणि दोघांचे हसू एकाच वेळी मावळले.

येथे मागील मजकूर सांगणे भाग आहे. मंडईच्या प्रसंगाच्या कितीतरी आधी, सासूसाहेब एकदा जेवताना सहज म्हणाल्या होत्या की हल्ली किल्ली जराशी अडते. बाकीचे विसरले, जावई विसरले नाहीत. शेठांनी मनी आणिले की आपण गुपचूप उपाय करावा आणि एके दिवशी आईंनी म्हणावे, अगंबाई, बरी झाली की! आणि मग आपण म्हणावे, त्यात काय. सबब ते जेव्हा जेव्हा येत, तेव्हा खिशातून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी काढून कुलपात चार थेंब सोडीत. सरांनीही तेच मनी आणिले. त्यांनी कोठे वाचिले होते की कुलपास पेन्सिलीचे शिसे घालावे. सबब तेही जेव्हा जेव्हा येत, तेव्हा ब्लेडने शिसे किसून त्याची पूड कुलपात फुंकीत. एकट्या तेलाने बिघडले नसते, एकट्या शिशाने तर सुधारलेच असते. परंतु दोघांच्या सेवेचे आत खलबत्त्यात कुटल्यासारखे कालवण जाहले, आणि सेवा जितकी वाढली तितके कुलूप घट्ट होत गेले.

"मशीनचं तेल," सर हळूच म्हणाले.

"आणि हे शिसं," शेठ म्हणाले.

मग उभयतांत मसलत जाहली. मसलत कसली, कुजबूज. सर म्हणाले की पुसून टाकू, नवे बसवू, कोणास कळणार आहे. शेठांनी फडके उचलिलेही. इतक्यात थोरल्या कन्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी निघालेले कुलूप पाहिले, नवे कुलूप पाहिले, आणि एक सुस्कारा टाकून म्हणाल्या:

"बसवा, बसवा. नवीन आहे, फिरेल आज. पण महिन्याभराने ते जरा घट्ट झालं की पुन्हा तेच. कुलूप बदलाल हो, हात कुठून बदलणार?"

हे त्या आईस ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलिल्या, परंतु ऐकू गेले. सासूसाहेबांनी आपला उजवा तळवा उघडून पाहिला आणि पदराखाली घेतला.

ते पाहून शेठांच्या हातचे फडके गळाले. बायकोसमोर आणि सासूसमोर एकाच वेळी गुन्हा कबूल करणे म्हणजे दोन तोफांच्या मध्ये उभे राहणे, हे त्यांस ठाऊक होते. तरी ते चादरीवरून उठले आणि काळवंडलेले कुलूप पुढे करून म्हणाले, "आईंच्या हाताला काही झालेलं नाही. हे बघ. यातलं तेल माझं आहे."

"काय?"

"प्रत्येक खेपेला घालत होतो. कोणाला न सांगता."

सरांनी एकवार फाटकाकडे पाहिले, पळण्याचा विचार सोडून दिला, आणि म्हणाले, "ताई, शिसं माझं. मीही कोणाला न सांगता."

चहावर साय धरू लागली. थोरल्या कन्यांनी नवऱ्याकडे पाहिले, मेहुण्यांकडे पाहिले, आणि तोंड उघडिले ते दोघांस फाडून खाण्यासाठीच, परंतु निघाले निराळेच.

"आई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मंडईत... माझ्याही एका हाताने नाही फिरली गं. तू सावलीत उभी होतीस. मी दोन्ही हातांनी पिळली. दोन दिवस माझा अंगठा दुखत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी घाबरलेली दिसत होतीस. मागे ते सगळे भोंगे वाजवत होते. मला वाटलं, आज किल्ली आहे, उद्या आणखी काही असेल. मलाच भीती वाटली गं."

सासूसाहेबांनी लेकीकडे पाहिले, मग जावयांकडे पाहिले. त्या रागावतील ऐसा सर्वांचा कयास. परंतु त्यांनी पदराखालून हात काढिला, ट्रेमधील कप उचलिला आणि फर्माविले, "जावईबापू, चहा गार होतोय. आणि यापुढे माझ्या गाडीत काही घालायचं असेल तर आधी मला विचारायचं. पेट्रोलसुद्धा."

मग पुढील काम झपाट्याने जाहले. सरांनी नव्या कुलपात किल्ली घालून ते खोबणीत सरकविले, शेठांनी सुईने खुंटी दाबून सोडिली, आणि आतून टिक् ऐसा नाजूक आवाज आला. उस्तादाने त्या आवाजास फार महत्त्व दिले होते. बुरखा चढला, स्क्रू बशीतून आपापल्या जागी गेले, काळी तार बॅटरीस भेटली. या सर्व वेळेत शेठ आणि सर एकमेकांस अरे-तुरे करीत होते आणि ते दोघांच्याही ध्यानी आले नाही.

हात धुण्यास उठतात तोच खरेदीदार स्कूटरवरून दाखल जाहला. स्कूटर त्याने नेमकी फाटकाच्या तोंडाशी लाविली. आला तो मोटारीभोवती प्रदक्षिणा घालून, टायरास बुटाचे टोक लावून आणि पत्र्यावर टिचक्या मारून, आपण फार काही जाणतो ऐसा चेहरा करून उभा राहिला. सर्वांची नजर सासूसाहेबांवर.

सासूसाहेब पायरी उतरून आल्या. आसन जावयांनी मागेपुढे केले होते ते त्यांनी आपल्या मापाने बसविले, आरसा बसविला, पदर खोचिला. थोरल्या कन्येने बोटे एकमेकांत गुंतविली. तहाचे कलम अजून कोणी मोडिले नव्हते. खरे-खोटे काय ते बाहेर पडले असले तरी किल्ली फिरणे अद्याप बाकी होते, आणि सासूसाहेबांस पुरावा दुसऱ्याच्या कबुलीचा नको होता, आपल्या हाताचा हवा होता.

त्यांनी नवी किल्ली घातली. मूठ आवळली नाही. अंगठा आणि एक बोट, बस्स, एवढ्या दोघांनीच, दाण्याचे फोलपट काढावे तशी किल्ली फिरविली.

मोटार खाकरली आणि जागी जाहली.

सासूसाहेबांनी किल्ली मागे फिरवून मोटार बंद केली. त्यांनी पुन्हा किल्ली फिरविली, पुन्हा चालू. पुन्हा बंद, पुन्हा चालू. यात काही मसलत नव्हती. त्यांस ते फार आवडले होते, इतकेच.

खरेदीदार मान डोलावून म्हणाला, "इंजिनचा आवाज चांगला आहे. मग, बोलायचं का आपण?"

थोरल्या कन्यांनी आईकडे पाहिले. खिडकीच्या काचेतून आईनेही पाहिले.

"गाडी विकायची नाही," कन्या म्हणाल्या. "तुमची स्कूटर तेवढी बाजूला घ्या. आई बाहेर काढतेय."

खरेदीदार वरमून स्कूटर ढकलीत मागे गेला. सासूसाहेबांनी मोटार उलटी घेऊन फाटकातून अशी अलगद काढिली की खांबास वाराही लागू दिला नाही, आणि रस्त्यास लागल्या. शेठ आणि सर काळ्या हातांनी फाटकात उभे राहिले. जिंकणाऱ्यांस रथात बसवून मिरविण्याची रीत आहे ऐसे ऐकिले होते, परंतु त्यांस कोणी बसा म्हटले नाही.

"अरे, कोपऱ्यापर्यंत तरी न्यायचं होतं आपल्याला," सर म्हणाले.

"गप रे," शेठ म्हणाले, आणि हसले.

येणेप्रमाणे रविवारी, दिवस मावळण्यापूर्वी, कुलूपगड फत्ते जाहला. जुने कुलूप दस्त होऊन कचऱ्याच्या डब्यात रवाना जाहले. आपला जखमी कोणी नाही, विणकामाचे थोडे टाके वगळता. किल्ल्या दोन, पैकी एक थोरल्या कन्येस देऊ केली असता त्यांनी ती घेतली नाही. दुसरीसह सासूसाहेब बाहेर पडल्या, त्या कोठे जातात हे सांगून गेल्या नाहीत, आणि कोणी विचारिले नाही. पुढील मजकूर त्यांचा त्यांस ठाऊक. लेखकाने येथे लेखणी ठेविली.